आत्याच्या वाटची पानं

लग्न झालं त्या वर्षी, अनसिंगच्या आमच्या घरात, दिवसा आम्हा दोघांना एकमेकांकडे उघड पाहता येई ते फक्त मेंढीकोट खेळताना. भिडू समोरासमोर बसतात, आणि पत्त्यांपुढे माझी विधवा आत्या कोणतीच रीत मानत नसे. “पदराकडं काय पाह्यतं वं? नवऱ्याच्या तोंडाकडं पाह्य,” ती हिला दटावी. “भिडू हाये तो तुहा.” आई आणि आत्या एका बाजूला, आम्ही दोघं दुसऱ्या. दहाच्या पानांना मेंढ्या म्हणतात. त्या कोणी जास्त जिंकल्या याची चर्चा स्वयंपाकापर्यंत पुरे.

दुसऱ्या उन्हाळ्यात हिच्या थुंकीत रक्त दिसलं. वाशीमच्या डॉक्टरांनी क्षय सांगितला, सुया सुरू केल्या. खाट कडेच्या खोलीत गेली, ताट-पेला वेगळा झाला. आई जेवण दारातून सरकवी. आत्या त्या खोलीवरून जाईनाशी झाली. तिचा नवरा आणि पाठोपाठ दीर याच दुखण्यानं गेले होते. तिला काय समजावणार?

ताट वेगळं झाल्याबद्दल ही कधी बोलली नाही. एवढंच विचारायची, “आत्याबाईनं डाव सोडला काय?”

एका दुपारी मी शाळेतून आलो तर तिनं चौघांची पानं वाटून ठेवलेली. “त्या नाही आल्या तं त्याईचा डाव आपण खेळू.”

आईची पानं मी खेळायची, आत्याची तिनं. गैरहजर माणसाला फसवायचं नाही, असं आमचं ठरलं. आत्याच्या वाटेला हुकूम आला की ती माझी मेंढी बेधडक कापायची, आणि वर आत्याच्या सुरात म्हणायची, “मास्तर, शाळेत हेच शिकवतं काय रे?” हसता हसता खोकला येई. मग पानं बाजूला ठेवून मी तस्त धरी.

एकदा दाराबाहेरून आवाज आला, “म्या तिथं राणी टाकली नसती.”

“मंग काय टाकलं असतं?” हिनं विचारलं.

“दुर्री. राणी राखून ठेवाची असते, येडे.”

तेव्हापासून आत्या पायरीवर बसू लागली, नाकाला पदर, आमच्याकडे पाठ. मी तिची पानं वाचून दाखवी, ती सांगे, ही टाके. “साऱ्यायले माहे पत्ते ठाऊक,” आत्या म्हणे, “तरी तुमी हरता.”

हिचं तेवढ्यानं भागत नव्हतं. आत्याबाईंनी एक डाव पानं हातात घेऊन खेळावा, असं तिला वाटे. पण पावसाळा सरता सरता तिलाच पानं पेलेनात. मी ती उशीवर मांडून देऊ लागलो.

अशाच एका दुपारी मी वाटत असताना आत्या उठून आत आली आणि खाटेजवळ सतरंजीवर बसली. नाकावर पदर नव्हता. आपली पानं उचलून तिनं सवयीनं अंगठा जिभेला लावला.

“आत्याबाई, थुकी नका लावू.”

“खेळ मुकाट्यानं. उतारी तुही हाये.”

हिनं उतारी केली. पानं बोटांतून निसटत, मी उचलून देई. काही हात झाले, आणि मग तिचं पान येईना. डोळे मिटले होते. श्वास चालू होता. आत्या तशीच बसून राहिली. आई कंदील घेऊन दारात आली, म्हणाली, “बाई, उठा आता.”

“थांब,” आत्या म्हणाली. “तिचं पान अजून याचं हाये.”

ही त्याच आठवड्यात गेली.