रोमन इतिहासकार आणि शेजारची खुर्ची

माझ्या मुलीला शाळेत एका रोमन इतिहासकारावर बोलायचं होतं, आणि तालमीला श्रोता म्हणून घरात मीच सापडले. इंग्लंडात, मेडनहेडच्या आमच्या इवल्याशा किचनमध्ये मी कणीक मळत होते, ती फ्रिजला टेकून बोलत होती. या गृहस्थाचा सासरा तेव्हा इथे, ब्रिटनचा रोमन गव्हर्नर. इथल्या पावसाला यानं तेव्हाच नावं ठेवलेली. पुढे रोममध्ये एक बादशहा माजला. ओळखीची माणसं एकेक करून मारली जात होती आणि हा सिनेटमध्ये गप्प बसून होता. वर बढत्याही घेत होता. बादशहा मेला, तेव्हा कुठे त्यानं इतिहास लिहायला घेतला.

"म्हणजे भित्राच ना, आई?"

"त्यालाही घरदार असेल. तुला काय जातंय बोलायला?" मी खेकसले.

पोरीनं पुन्हा कागदात डोकं घातलं. राग तिच्यावर नव्हताच. त्याच दुपारी ऑफिसात माझ्या नागपूरच्या मैत्रिणीनं मला विचारलं होतं. सिस्टिम बंद पडल्याचं खापर तिच्यावर फोडून कंपनीनं तिला डिसिप्लिनरी हिअरिंगला, म्हणजे शिस्तभंगाच्या सुनावणीला बोलावलं होतं. इथे अशा वेळी सोबतीला एका सहकाऱ्याला नेता येतं, तो शेजारी बसतो, बोलूही शकतो. "येशील का गं?" सिस्टिम सुरू करण्याआधी टेस्टिंग अर्धवट आहे हे तिनं मॅनेजरला बजावलं, तेव्हा मी तिथेच उभी होते. पण माझा व्हिसा त्याच कंपनीच्या जोरावरचा, रिन्यूअल तोंडावर. नोकरी गेली की मुलीची शाळा अर्ध्यावर टाकून परत भारतात. "बघते गं," म्हणून मी सटकले होते.

पोळ्या लाटताना मुलगी म्हणाली, "पण त्यानं नंतर कबूल केलं, की आमचेही हात त्यात होते." त्याचा बादशहा निदान मेला तरी. माझा मॅनेजर कशाला मरतोय, त्याचं फार तर प्रमोशन होईल.

हिअरिंगला मी गेले. मैत्रिणीच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. कुणाला काही सांगायचं आहे का, असं विचारल्यावर मी जे ऐकलं होतं ते सांगितलं. मॅनेजर माझ्याकडे बघून छान हसला. त्या हसण्याची मला अजून धास्ती वाटते.

मैत्रिणीची नोकरी वाचली. माझं रिन्यूअल "विचाराधीन" झालं.

गेल्या आठवड्यात माझ्याच नावानं हिअरिंगचं बोलावणं आलं. कामात हलगर्जी, म्हणे. मी मैत्रिणीला गाठलं, सोबत येशील का विचारलं. तिनं लॅपटॉपवरून नजर काढली नाही. तिचंही रिन्यूअल आता जवळ आलंय.

"बघते गं," म्हणाली.