पुतळीच्या पोटातले ढग

"थांबा अप्पा, बोलू नका," ती म्हणायची आणि गायीच्या डाव्या कुशीला कान लावून डोळे मिटायची. किती वेळ गेला याचं तिला भान नसायचं. माझ्याच गोठ्यात, माझ्याच गायीपाशी मला गप्प बसवणारी ती एकटीच. मग डोळे न उघडता हळूच सांगायची, "ढग गडगडायलेत."

अशी माणसं तुम्हीही बघितली असतील. समोर उभी असतात, पण असतात कुठंतरी लांब. ही आमच्या समोरच्या घरातली पोरगी. भालकीच्या कॉलेजात पीयूसीला, म्हणजे आमच्या कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, जीवशास्त्र घेतलं होतं. जनावरांची डॉक्टर व्हायचं, दुसरं काही डोक्यात नाही. बसमधून उतरली की स्वतःचं घर ओलांडून सरळ माझ्या गोठ्यात, पाठीवरचं दप्तरसुद्धा न काढता. पुतळी माझी देवणी गाय, काळ्या ठिपक्यांची. माझ्यासारखीच, सहसा कोणाला जवळ येऊ न देणारी. हिला बघून मात्र मान वर करायची आणि गळ्याखालची लोंबती पोळी खाजवून घ्यायची.

अभ्यासही तिथंच. पुतळीच्या अंगावरून बोट फिरवत एकेका हाडाचं इंग्रजी नाव घ्यायची.

"गायीला इंग्रजी शिकवून कुठं नोकरीला लावतीस?" मी विचारायचो.

"ती शिकवायलीय अप्पा. मी शिकायलेय."

गायीच्या पोटाला चार खण असतात, हे तिनंच सांगितलं. मी म्हणालो, "जलमभर गायी पाळल्या मी. पोट एकच असतंय." ती हसली. "उंबऱ्यात उभं राहून एक खोली दिसली, म्हणून आतल्या तीन कामून न्हाईत म्हणता?" मी चौथी शिकलेला माणूस, पण ऐकून घेणारा नाही. चार खण मी अजूनही पुरते कबूल केलेले नाहीत.

तिच्या बापाचं म्हणणं वेगळं. त्यानं गुलबर्ग्याला नर्सिंगची जागा बघून ठेवली होती. "माणसांचं शीक. ढोरांच्या मागं कोण लागतंय? ह्या साली तुझी ती ढोरांच्या डॉक्टरकीची जागा लागली तर जा. न्हाई तर मुकाट्यानं नर्सिंग." पोरीनं मान डोलावली आणि पुतळीकडं बघत राहिली.

जनावरांच्या डॉक्टरकीच्या काही जागा शेतकऱ्यांच्या लेकरांसाठी राखून ठेवतात. त्यासाठी वेगळी परीक्षा असते. बिया, चारा, अवजारं मांडून ठेवतात, ती ओळखायची. हे कळल्यावर मी म्हणालो, "ही परीक्षा माझ्यावर सोड." माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू. मी बी ओळखतो ते बोटांनी. तिलाही तसंच शिकवलं. डोळे मिटायचे, तळहात पुढं करायचा. जवस बोटांतून निसटतं, करडईला टोक लागतं, हुलगा चपटा. दारातून येणाऱ्या उन्हात भुशाची धूळ तरंगायची, पुतळी रवंथ करायची आणि ही झोपेत बोलल्यासारखी पुटपुटायची, "कारळं... अंबाडी... तूर..." दुपार कधी सरली ते आम्हा दोघांना कळायचं नाही. पुतळीला कळायचं. ती पाण्यासाठी हंबरायची.

परीक्षा देऊन आली ती सरळ गोठ्यात, पण गायीला कान लावला नाही.

"अप्पा, सगळ्या बिया काचेच्या बरण्यांत होत्या. हात लावू देत नव्हते."

"मग?"

"डोळे मिटले आन् मोकळीच बोटं चोळली. तिथली बाई कन्नडात म्हणाली, झोप आली का तुला."

"ओळखल्यास का न्हाई?"

"एक चुकली. बारीक, गोल, तांबूस होती. मोहरी म्हणून लिवलं. बाहेर पोरी म्हणायल्या, नाचणी होती ती."

आमच्या रानात नाचणी पिकत नाही. माझ्या बोटांना जी ठाऊक नाही, ती तिच्या बोटांना कुठून येणार? बाप दारात उभा राहून ऐकत होता. "अप्पा, तुमच्या शाळेत नाचणी न्हवती व्हय?"

"माझ्या शाळेत बरण्या न्हवत्या," मी म्हणालो. अजूनही माझं तेच म्हणणं आहे. बरणीतलं बी म्हणजे नुसता फोटो.

निकाल लवकर लागेना. बापानं नर्सिंगचे पांढरे कपडे शिवायला टाकले. पोरगी रोज यायची, पुतळीच्या पाठीवर हात ठेवून बसायची. हाडांची नावं घेणं बंद झालं होतं.

जागा लागली ती अगदी शेवटच्या यादीत, आणि लांब, कर्नाटकाच्या दुसऱ्या टोकाला, हासनला. बापानं पोरीकडून मोबाईलवरची यादी पुन्हा पुन्हा वाचून घेतली. मग घरातून टोपलंभर सरकी आणली आणि माझ्या पुतळीपुढं ओतली.

हासनहून एकदा फोन आला. तिकडं जेवणात नाचणीचे गोळे असतात. "अप्पा, रोज मोहरीच वाढायलेत मला," म्हणाली.

"मग, बोटांना कळली का आता?"

"कळली अप्पा. खरबरीत हाय."

पुढं तिचा अभ्यास वाढला, फोन कमी झाले. संध्याकाळी बस आली की पुतळी अजून रस्त्याकडं मान वळवते. परवा बस येऊन गेली, कोणी उतरलं नाही. गल्लीत कोणी बघत नाहीसं पाहून मी पुतळीच्या डाव्या कुशीला कान लावला. आधी काहीच ऐकू येईना. मग डोळे मिटले. कुठंतरी लांब, शिवारापलीकडं गडगडल्यासारखं झालं.

तेवढ्यात दारातून तिच्या बापाचा आवाज आला. "काय करायलात अप्पा?"

"थांब," मी म्हणालो. "बोलू नको."