राखून ठेवलेला नियम

पत्रकांतून मी आजवर किती जणांना जाब विचारला! स्वतःला विचारायचा एक जाब मात्र चार वर्षं खिशात दडवून हिंडतोय. कुणापाशी बोललो नाही. तुमच्यापाशी बोलतो.

शिवराम नायगावच्या बीडीडी चाळीतला, मी फणसवाडीतला. संयुक्त महाराष्ट्राची पत्रकं चिकटवताना आमची गट्टी जमली—मजकूर माझा, खळ त्याच्या आईनं शिजवलेली. बुद्धिबळ तो चाळीत देशी पद्धतीनं शिकलेला. प्यादं एकेकच घर चालायचं. गिरगावातली कुमारांची स्पर्धा विलायती नियमांची, म्हणून मी त्याला ते शिकवले. पंधरवड्यात तो मला हरवू लागला. "लेखकराव, तुमचा राजा संपावर गेला!" म्हणायचा. मीही हसायचो. खरंच हसायचो का?

एक नियम मी शिकवला नाही. समोरचं प्यादं दोन घरं उडी मारून आपल्या प्याद्याशेजारी थांबलं, तर लगेच पुढच्या खेळीत ते मारता येतं—जणू ते एकच घर चाललं होतं. विसरलो? नाही. एवढं तरी माझ्यापाशी राहावं म्हणून राखून ठेवला. समतेवर पानंच्या पानं लिहिणारा मी!

स्पर्धेत नेमकी आमचीच जोडी लागली. माझं राजापुढचं प्यादं मी दोन खेळ्यांत पटाच्या मध्यापलीकडे नेलं. त्यानं वजिरापुढचं दोन घरं ढकललं, थेट माझ्या शेजारी. मी ते उचललं.

"ए, हे काय रे?"

सगळे हसले. पंचांनी नियम समजावला. "तू हे सांगितलंच नव्हतंस," शिवराम म्हणाला.

आणि मी म्हणालो—"सांगितलं होतं."

त्याचे वडील पहिली पाळी संपवून गिरणीतून थेट आले होते, दाराशी उभे होते. "शिवा, ते शिकलेलं पोर खोटं कशाला बोलंल? तूच इसरला असशील."

शिवरामनं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "हां. इसरलो असेन."

माझं ते प्यादं त्याला उलट मारता येत होतं, अगदी सहज. त्याला ते दिसलंच नाही. डाव मी जिंकलो.

दुसऱ्या सकाळी तो खळीचा डबा घेऊन आला, नेहमीसारखा. माझं पत्रक त्यानं भिंतीवर हलक्या हातानं दाबलं, कोपरे सुटू नयेत म्हणून. बुद्धिबळाचं नाव मात्र पुन्हा काढलं नाही.

आता महाराष्ट्र झाला. मी चाळीत गेलो की त्याचे वडील अजूनही शेजाऱ्यांना सांगतात, "आमच्या शिवाला बुद्धिबळ ह्यानंच शिकवलं." शिवराम चहाचा कप माझ्यापुढे सरकवतो. मी मान डोलावतो.

शिवा विसरला नव्हता. मी सांगितलंच नव्हतं.