बिनदिव्याची वाम

शाळा मी चौथीच्या आतच सोडली. पण वैनगंगेचा आमचा डोह मला पायाच्या बोटांनी वाचता येतो. म्हणून पाण्याबद्दल कोणी मला शिकवलेलं चालत नाही. बायकोनं तर नाहीच नाही.

मागे ऊर्जानगरला लेकीकडे गेलो होतो. जावयानं टीव्हीवर समुद्र लावला. वरचं पाणी उजेडाचं, त्याखालचं दिवेलागणीसारखं, अन् त्याच्याही खाली नुसता अंधार. तिथं सूर्य कधी पोचतच नाही म्हणे. त्या अंधारात एक मासा कपाळावर स्वतःचा दिवा घेऊन फिरत होता.

बायको म्हणाली, "आपल्या डोहासारखंच हाये."

"डोह कुठी अन् समुद्र कुठी," मी म्हणालो. "तुले काय समजते व पान्यातलं?"

"जाळं कोन विनते? तुमी?"

जावई हसला. मला ते आवडलं नाही.

गावी आलो अन् दुसऱ्याच दिवशी जाळं डोहात अडकलं. तळाशी पुरात वाहून आलेलं अर्जुनाचं झाड पडलं आहे, त्यातच. बायकोनं सगळा हिवाळा बसून विणलेलं जाळं ते. फाटलं असतं तर पावसाळ्यापर्यंत हात बांधून बसावं लागलं असतं.

डोंग्यात, म्हणजे आमच्या लहानशा होडीत, बसल्या बसल्या ती म्हणाली, "वरच्या अंगाले जाऊन ओढून पाहू आधी."

"आजपर्यंत मी बुडीच मारली."

"आजपर्यंत तुमाले दम होता जी."

मग काय, ओंजळभर पाणी कपाळाला लावलं अन् गेलोच.

वरचं पाणी कोमट. माझा हात मला दिसत होता. थोडं खाली सगळं हिरवं, मोहाच्या दाट झाडाखाली असतं तसं. हात आता नुसता सावलीसारखा. त्याच्याखाली एकदम गार पाणी लागलं अन् उजेड संपला. इथं आमच्याकडे डोळे मिटून घेतात, पायानं पाहतात. मीही जन्मभर मिटले. त्या दिवशी मात्र उघडले. का ते विचारू नका. काहीच दिसलं नाही. पायाला फांदी लागली, जाळं लागलं, मी एक हिसका दिला, अन् तेवढ्यात दम संपला.

वर आलो तर कानात ढोल वाजत होते. डोंग्याची कड धरून मी नुसता धापा टाकत राहिलो.

तिनं विचारलं, "दिवा दिसला काय?"

मी कसाबसा डोंग्यात चढलो. तिनं बांबू रोवत डोंगा धारेच्या वरच्या अंगाला नेला अन् जाळं उलट्या बाजूनं ओढलं. एकदा अडलं, मग सरसर आलं. कुठंच फाटलं नव्हतं. शेवटच्या फासात हातभर लांब, सापासारखी वाम वळवळत होती.

तिनं ती उचलून तोंडाकडून पाहिली. "हिले तं दिवा नाई."

"डोह हाये तो. समुद्र थोडीच हाये."

"माहं बी तेच म्हननं हाये," ती म्हणाली, अन् दोघंही हसलो.

रात्री वामीचा रस्सा झाला. मी म्हणालो, खालून मी हिसका दिला होता, म्हणून जाळं सैल झालं. अजूनही मी तेच म्हणतो.

"हो, झालं," वाढता वाढता ती म्हणाली, अन् सगळ्यात जाड तुकडा स्वतःच्या ताटात घेतला.