रेड ऑक्साईडचा वास

कुणी फाटकाला गंजू नये म्हणून रेड ऑक्साईड मारत असलं, की त्या वासानं मला भिंगारच्या अंगणातली आमची जीप आठवते. आई गेली त्या उन्हाळ्यात अण्णांनी जीपचा जुना रंग उतरवायला काढला होता. पॉलिश पेपर घासता घासता दारावरच्या हिरव्या रंगाखालून पांढरी अक्षरं वर आली. ‘सुनंदा.’ लग्नानंतर अण्णांनी हौसेनं रंगवून घेतलेलं आईचं नाव.

“अण्णा, तेवढं बी खरवडा. खाली गंज हाय, पत्रा खाईल,” शेजारचा मेकॅनिक म्हणाला.

“ऱ्हाऊ दे,” म्हणत अण्णांनी नाव सोडून सगळीकडं ऑक्साईड लावलं. मला वाटलं, नाव वाचलं.

आता अण्णाही नाहीत. जीप शाबूत आहे. दारात तेवढं नावाएवढं भोक पडलंय, आणि त्याच्या कडेनं अण्णांनी जपून फिरवलेला ब्रश अजून दिसतो.