पॅरेंट रिकामाच ठेव

मंडळी, आज सकाळी मुलगा घरूनच काम करत होता. फोनवर कुणाला तरी म्हणाला, "पॅरेंट रिकामाच ठेव, सगळं चाइल्डमध्ये टाक." नेरूळचं घर माझ्या नावावर आहे. मला चहा गोड लागेना.

शेवटी विचारलंच. तो हसला. "अण्णा, प्रोग्रामिंग आहे ते! अ‍ॅबस्ट्रॅक्ट क्लास म्हणजे असा बाप, जो काय करायचं एवढंच सांगतो. कसं करायचं, ते पोरानं लिहायचं."

मी सातवी नापास. त्याला जन्मभर "शीक" एवढंच म्हणालो. कसं, ते मलाच ठाऊक नव्हतं.

"म्हणजे मीच की रे तो."

त्याचं हसू थांबलं. "पोरानं लिहिलं नाही, तर प्रोग्राम चालतच नाही, अण्णा. लिहावंच लागतं."

तेव्हापासून कशातच मन लागत नाही. ते 'कसं' स्वतःच लिहिताना पोरगा किती एकटा पडला असेल? तुम्ही विचारलंत कधी तुमच्या पोरांना?