चित्रातल्या बाईची चौकशी

अंबाजोगाईच्या दवाखान्यात वडिलांचं ऑपरेशन चाललं होतं. भीती वाटू नये म्हणून मी बाहेर ग्राफिक नॉव्हेल वाचत बसले होते. शेजारी दिंद्रुडकडची एक साठीची बाई होती. तिचा मुलगाही आतच होता. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. सरकत सरकत ती माझ्या पुस्तकात डोकावली. चित्रात ओसाड शहरातून एक बाई कुत्र्याला घेऊन चालली होती.

"बाकीची माणसं कुटं गेली?"

"मेली, मावशी. जग संपल्यानंतरची गोष्ट आहे."

"संपलं कसं? ही चाललीय की!"

मग ती प्रत्येक चित्रावर बोट ठेवू लागली. पाणी सापडलं तेव्हा "बरं झालं बाई" म्हणाली. कुत्रं लंगडलं, तेव्हा तिनं मला पान लवकर उलटूच दिलं नाही.

तेवढ्यात नर्सनं तिला आत बोलावलं. बऱ्याच वेळानं ती पदरानं डोळे पुसत आली. विचारायची माझी हिंमत होईना.

"सुद्दीवर आला. च्या मागतोय," म्हणत ती हसली. पिशवीतली भाकरी मोडून तिनं अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"खा पोरी. बाप डोळे उघडंल तवा पयलं तुजंच तोंड बघंल. सुकलेलं नगं दिसाया."